उधाणाची ग्रामसभा

त्या सकाळी नांदखाडीच्या मासळी सुकवायच्या खळ्यावर तेवीस वलांड्या, म्हणजे दोऱ्या ताणलेल्या बांबूच्या परांच्या, उभ्या होत्या, अकरा आडव्या पडल्या होत्या आणि सात दिसतच नव्हत्या. आदल्या संध्याकाळी एकेचाळीस होत्या. शेवटच्या दोरीला नलूनेच गाठ मारली होती. म्हणजे सात वलांड्या मुरुमाखाली गेल्या होत्या. मुरुमाचे ढीग चार, डंपर दोन, जेसीबी एक, आणि दोन लोखंडी खांबांवर ठोकलेली नवीकोरी निळी पाटी एक. पाटीवर लिहिलं होतं, ‘टँकर पार्किंगसाठी राखीव. ग्रामपंचायत नांदखाडी.’

नलूने डोक्यावरची टोपली उतरवली नाही. टोपलीत जाळ्यातून नुकतेच काढलेले बोंबील होते, काचेसारखे ओले, पाऊल टाकलं की थरथरणारे. बोंबलाला थांबायला वेळ नसतो. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने वलांडीच्या दोऱ्यांवर टांगला आणि तीन उन्हं दाखवली, तर तो वर्षभर टिकतो. नाहीतर संध्याकाळपर्यंत त्याचं पाणी होतं. गावातल्या तीसेक घरांची चूल या दोऱ्यांवर पेटायची. नलूच्या पाच वलांड्या होत्या. त्यांतल्या तीन मुरुमाखाली होत्या.

"ए! बंद कर ते!" ती जेसीबीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "कोणाला विचारून चालवलंस?"

वर बसलेल्या माणसाने इंजिन बंद केलं. बोईसरहून आला होता, मराठी त्याला कळत होती, बोलता येत नव्हती. "हमको क्यों डाँटती हो मौसी? पंचायत का परमिशन है. सेठ के पास कागज है."

"आमचं खळं हाय हे! माझ्या सासूच्या सासूपासनं!"

"तो पंचायत को बोलो ना. पंचायत तुम्हारी है कि हमारी?"

त्याने ते टोचून म्हटलं नव्हतं, साधं विचारलं होतं. म्हणूनच नलूच्या अंगाचा तिळपापड झाला. पंचायत आमची, असं तोंडातून निघेना.

मागून बायडी आली. सत्तरी ओलांडलेली, कमरेत वाकलेली, पण गावात सगळ्यांत लांब हाक हिचीच. तिने काही विचारलंच नाही. मुरुमाचा एक खडा उचलला आणि जेसीबीच्या टपावर फेकला. "तुझ्या टँकराला दर्या नेवो, मेल्या!" मग नलूचा दंड धरून म्हणाली, "चल कमलाकांतकडं. तो बघून घेल."

नांदखाडीत काही झालं की लोक हेच म्हणत.

कमलाकांत दहा वर्षं सरपंच होता. डोलकराचाच मुलगा, लहानपणी बापाबरोबर होडीवर गेलेला. कोणाला दाखला हवा, तो घरपोच आणून देई. वीज गेली की वायरमनला स्वतःच्या मोटरसायकलवर बसवून आणी. दोन वर्षांपूर्वी नलूचा नवरा विश्राम होडीतच कोसळला, अर्धं अंग लुळं पडलं, तेव्हा कमलाकांतनेच जीप काढून त्याला पालघरला पोचवला. विश्रामचा जीव वाचला. डावा हात अधू राहिला, चालताना काठी लागे, तरी सुकाणूवर बसायला तो होडीवर जाई. तेव्हापासून नलूने कमलाकांतचं नाव कधी नुसतं घेतलं नव्हतं. भावोजी म्हणायची, आणि म्हणताना पदर सावरायची.

"या वहिनी, आधी चहा घ्या," तो म्हणाला. खुर्चीवरून उठून त्याने बायडीला जागा दिली. सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. "मला काय आनंद वाटतो का? पण ठराव झालाय. ग्रामसभेत झालाय. बोईसरच्या कारखान्यांचे टँकर इथं लागणार, ठेकेदार भाडं देणार, त्यातनं गावाची गटारं होणार."

"कुठल्या ग्रामसभेत?"

"गेल्या महिन्यात. फळ्यावर नोटीस लावली, दवंडी दिली. शंभर माणसं लागतात, आली चौदा. मग काय करणार? सभा तहकूब केली, दुसऱ्या दिवशी परत घेतली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाय. तो कायदा हाय, मी केलेला नाय."

"दुसऱ्या दिवशी किती आले?"

"नऊ."

"आमचं खळं नऊ जणांनी देऊन टाकलं?"

"गावाने दिलं, वहिनी. आला नाय त्याची हरकत नाय, असंच धरतात सगळीकडं." तो हसला. चांगलं हसायचा तो, समोरच्याला उगाच अपराधी वाटावं असं. "तुमच्या वलांड्या मागं खाजणाकडं लावून देतो. मी हाय ना."

"खाजणात खालनं ओल येते. तिथं बोंबील वाळतो? तुमची आय पण हेच करायची, भावोजी. तुमाला सांगायला पायजे?"

"मी हाय ना. कशाला डोक्याला ताप करून घेता?"

नलूने चहा प्यायला. बशी धुऊन पालथी ठेवली. रस्त्यावर आल्यावर तिला सगळ्यांत जास्त राग कशाचा आला, तर चहा प्यायल्याचा.

सरपंचाची निवडणूक महिन्यावर आली होती. कमलाकांतसमोर यंदा तेजल उभी होती. धक्क्याजवळ तिचं बर्फाचं दुकान. होड्यांना बर्फ देता देता गावातल्या प्रत्येक पुरुषाशी तिचं एकदा तरी भांडण झालेलं. नलूने तिला मत द्यायचं कधी मनातही आणलं नव्हतं. त्या दिवशी मात्र कुजायला लागलेली टोपली घेऊन ती थेट दुकानात गेली.

"तेजल, तू निवडून आलीस तर खळं परत देशील?"

तेजल टोच्याने लादी फोडत होती. थांबली नाही. "नाय."

"नाय?"

"मी कोण देणारी, काकी? एकट्या माणसाच्या मर्जीने गेलं ते. मी माझ्या मर्जीने परत दिलं, तर पुढचा त्याच्या मर्जीने परत घेल. ग्रामसभेत ठराव झाला, मोडायचा तर ग्रामसभेतच." आता ती थांबली. "तुमी किती ग्रामसभांना गेलात?"

नलूने टोपली या हातातून त्या हातात घेतली.

"एका तरी?"

"आमी काय रिकाम्या बसलोय? मासळी कोण बघणार, तुझी आय?"

"मी विचारलं, एका तरी?"

"ह्या तोंडाने तुला कोण मत देल गं!"

"नका देऊ. सभेला या."

बर्फाचे तुकडे नलूच्या पायावर उडाले. ते तिने मुद्दाम उडवले असावेत असं वाटून नलू तणतणत घरी गेली. येताना टोपली उकिरड्यावर रिकामी केली. त्या वासाने तिला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही.

विश्राम ओसरीवर जाळं दुरुस्त करत बसला होता. उजव्या हातात सुई, जाळ्याचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्यात. बायकोची बडबड त्याने शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाला, "पण त्या दिवशी सभेला जाणार कोण होतं? पुनवेचं उधाण होतं."

ते त्याने सहज म्हटलं. नांदखाडीत कोणीही सहजच म्हटलं असतं. इथली डोल जाळी समुद्रात रोवलेल्या खांबांना बांधतात, आणि पाण्याला जोराची ओढ असली तरच ती भरतात. ती ओढ पुनव-आवसेच्या उधाणाला असते. तेव्हा सगळ्या होड्या बाहेर आणि सगळ्या बायका किनाऱ्यावर. मधे अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग येतो, पाणी मलूल होतं, होड्या धक्क्याला लागतात, पुरुष पत्ते कुटतात. साखरपुडे, लग्नं, बारशी, भांडणं, सगळं गाव भांगाला उरकून घेतं.

"त्याच्या आधीची सभा कधी होती?" नलूने विचारलं.

"ती... आवसेच्या दुसऱ्या दिवशी. उधाणच होतं तेव्हा पण. होडीवर आमी हसलेलो. म्हटलं बरं झालं, जायला नको."

"आन त्याच्या आधीची?"

विश्रामची सुई थांबली.

"कमलाकांतच्या पोरीचं लगीन कधी झालं?" नलूचा आवाज खाली आला होता. ती ओरडत असली की विश्रामला भीती वाटत नसे, आता वाटली. "भांगाला. पूजा घातली, ती भांगाला. डोलकराचं पोर हाय तो. पोरीच्या लग्नाला तीथ बरोबर सापडते, आन सभेला तेवढी दर वेळी चुकते?"

"तसं नसंल गं."

"कसं नसंल? आन तुमी हसलात! जायला नको म्हणून हसलात! आमचं खळं जात होतं आन तुमी होडीवर बसून हसलात!"

"तुला तरी कुठं ठाव होतं?"

"मला पण नव्हतं! माझ्या पण तोंडात शेण!"

मग विश्राम अधू हात मांडीवर घेऊन म्हणाला, "नलू, त्याने माझा जीव वाचवला."

"वाचवला. मरेपर्यंत मानीन. त्याच्या घरी कार्य असंल तर भांडी घासायला जाईन. पण त्या उपकारात खळं दिलं नव्हतं मी. मत पण दिलं नव्हतं. ते आपण आपलंच नेऊन टाकलं त्याच्या दारात."

कमलाकांतची प्रचारसभा देवळाच्या पटांगणात झाली. पटांगण फुलून गेलं होतं. बायका पुढे, पुरुष मागे, कडेला थंडाईचे पेले. कमलाकांतने केलेल्या कामांची यादी सांगितली आणि ती खोटी नव्हती. शेवटी हात जोडले. "तुमाला पंचायतीची पायरी चढायला लागू नये, हेच माझं काम. तुमी दर्या बघा. गाव बघायला मी हाय ना."

टाळ्या पडल्या. त्या संपायच्या आत नलू उभी राहिली.

"भावोजी, आज काय तीथ?"

"आज? अष्टमी, वहिनी."

"म्हणजे भांग. एक होडी पाण्यात नाय. म्हणून एवढी माणसं जमली." ती लोकांकडे वळली. "मत मागायला भांग, आन ग्रामसभेला उधाण. हे कसं?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग हसू विरलं, कारण पुरुषांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली होती. तिथी त्यांना पाठ असतात. गेली सभा, त्या आधीची, त्याही आधीची.

कमलाकांतचा चेहरा बदलला नाही. "वहिनी, दमलेल्या माणसांना सभेला कशाला ओढायचं? तुमाला तरास नको म्हणूनच..."

"तू हायस म्हणून माझी वलांडी मुरुमाखाली हाय रे मेल्या!" बायडी बसल्या जागेवरून ओरडली. "तरास तू दिलास, आन वर थंडाई पाजतोस?"

"आत्या, तू राहू दे."

"का राहू दे? इतकी वर्षं राहूच दिलं!"

त्या रात्री विश्राम जेवला नाही. दुसऱ्या दिवसापासून नलू तेजलबरोबर घरोघर फिरू लागली, तीही भांडतच. कारण तेजल कोणाला काही कबूल करत नव्हती. एकच सांगायची: सभा भांगाला घेईन, दिवस धक्क्यावर विचारून ठरवीन, आणि शंभर माणसं आल्याशिवाय एकही मोठा ठराव घेणार नाही. लोक म्हणत, सगळं आम्हीच करायचं तर तुला सरपंच कशाला करायचं? तेजल म्हणे, सभा बोलवायला. मग दार लागे. बाहेर आल्यावर नलू तिला शिव्या घाली. "जरा गोड बोल की! माझं खळं अडकलंय तुझ्या जिभेवर."

तेजल एकोणीस मतांनी निवडून आली. गुलाल उडाला, तेव्हाही नलू धुमसतच होती. अर्ध्या गावाला अजून घरपोच दाखलाच हवा होता.

पहिली ग्रामसभा नवमीच्या भांगाला, दुपारी चार वाजता, खळ्यावरच ठेवली. मुरुमाच्या ढिगाऱ्यांमध्ये सतरंज्या अंथरल्या. विषय एकच: टँकरसाठी दिलेली परवानगी रद्द करून खळं मासळी सुकवण्यासाठी राखून ठेवणं. ठेकेदाराने काम थांबवलं होतं, पण पाटी काढली नव्हती. पुढच्या रांगेत एका खुर्चीवर कमलाकांत येऊन बसला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करत.

ग्रामसेवकाने माणसं मोजली. एकसष्ट. अर्ध्या तासाने परत मोजली. अडुसष्ट. त्याने तेजलच्या कानाशी वाकून, पण नलूला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "मॅडम, तहकूब करू. उद्या घ्या. उद्या गणपूर्ती लागत नाही. यातले पन्नास तर तुमचेच आहेत, ठराव सहज होईल."

"घे तेजल! उद्या घे!" नलू म्हणाली.

"नाय."

"अगं कायदाच हाय तो!"

"कायदा हाय. तहकूब सभेत गेलं हे खळं. तहकूब सभेत परत आणणार नाय मी. आज शंभर झाले तर आज. नाय झाले तर पुढच्या भांगाला, नायतर त्याच्या पुढच्या."

"तवर बोंबील काय तुझ्या डोक्यावर वाळवू?"

"बत्तीस माणसं कमी हायत, काकी. आणा."

कमलाकांत खुर्चीत जरा पुढे झुकला. "वहिनी," तो हळूच म्हणाला, "मी असतो तर असं ताटकळत ठेवलं नसतं तुमाला."

ते खरं होतं. आणि ते खरं आहे हे कळल्यावर नलूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने चपला हातात घेतल्या आणि वाळूतून गावाकडे निघाली.

पहिल्याच घरात क्रिकेट लागलं होतं. तिने आत जाऊन टीव्ही बंद केला. "नलू, अगं शेवटची ओव्हर..." "सभेला चल." दुसऱ्या घरात सून म्हणाली, आमचे हे गेलेत ना. "दादल्याच्या बोटाला शाई लागली की तुझं मत होतं काय? चल!" तिसरीकडे एक जण म्हणाला, आम्ही निवडून दिलंय ना तिला, आता तिने बघावं. नलूने त्याची कॉलर धरली. धरल्यावर तिलाच आश्चर्य वाटलं, पण सोडली नाही. "दहा वर्षं हेच म्हटलं आपण! हेच! चल म्हणते ना!"

होडीच्या सावलीत पत्ते चालले होते. सातआठ जण, सगळे कमलाकांतचे. एकाने पान टाकत म्हटलं, "वैनी, आमी त्या पार्टीचे. आमाला कशाला बोलावता?"

"मग विरोधात हात वर करा!"

"काय?"

"विरोधात करा! मोठ्याने करा! माझं खळं तुमाला टँकरला द्यायचं असंल तर माझ्या तोंडावर सांगा. पण येऊन सांगा. पाठीमागनं नको!"

ते एकमेकांकडे बघायला लागले. मग एकाने पानं गोळा केली. बाईने विरोध करायलाच बोलावलं, तर जायला हरकत काय?

बायडीने दुसरी आळी धरली होती. तिच्या शिव्या नलूला इथवर ऐकू येत होत्या.

सगळ्यांत शेवटी नलू आपल्या घरी आली. विश्राम ओसरीवर बसला होता, पुढ्यात जाळं न घेता.

"तुमी?"

"मी कुठल्या तोंडाने येऊ? तो समोर बसला असंल."

"हाय. पुढच्याच रांगेत."

"त्याच्यासमोर माझा हात वर होणार नाय, नलू."

तिला खूप काही बोलायचं होतं. ओरडून ओरडून घसा बसला होता. "मग नका करू. त्याच्याच शेजारी बसा. पण बसा."

ती वाट न बघता निघाली. खळ्यावर परत पोचली तेव्हा सतरंज्या कमी पडून लोक मुरुमावर बसले होते, आणि पत्तेवाले एका ढिगाऱ्यावर गोळा झाले होते. थोड्या वेळाने विश्राम काठी टेकत आला. सरळ पुढच्या रांगेत गेला. कमलाकांतने उठून त्याला आपली खुर्ची दिली, आणि स्वतः शेजारी सतरंजीवर बसला.

तेजलने विषय वाचून दाखवला. ढिगाऱ्यावरून प्रश्न आले, भाड्याचं काय, गटारांचं काय, ठेकेदार कोर्टात गेला तर काय. काहींची उत्तरं तिच्याकडे होती. काहींना ती म्हणाली, ठाव नाय, शोधून सांगते. कमलाकांतने एकही प्रश्न विचारला नाही. मग तिने बाजूचे हात वर करायला सांगितले, नंतर विरोधातले. पत्तेवाल्यांनी हात वर केले आणि नलूकडे बघतच राहिले. नलूनेही त्यांच्याकडे बघितलं. पुढच्या रांगेत विश्रामचा हात दोन्ही वेळा काठीवरच राहिला. ग्रामसेवकाने दोन वेळा मोजलं, आणि उन्हं उतरता उतरता आकडे मोठ्याने वाचले.

हजर एकशे चार. ठरावाच्या बाजूने त्र्याऐंशी, विरुद्ध सतरा. हात वर न केलेले चार.